रोजच्या वापरातल्या मस्टँगसाठी सुपरचार्जर: रूट्स, ट्विन-स्क्रू की सेंट्रिफ्युगल?

प्लेनोकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. माझ्याकडे २०१५ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. इंजिन पाच लिटरचे व्ही-८, गियरबॉक्स सहा गियरचा मॅन्युअल आणि सोबत परफॉर्मन्स पॅक, म्हणजे मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ३.७३ आणि मागचे टायर २७५/४०आर१९. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ४३५ अश्वशक्ती आणि ४०० पाउंड-फूट टॉर्क. गाडी ६२ हजार मैल चालली आहे आणि इंजिन आजवर कोणी उघडलेले नाही.

मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला प्लेनो येथे राहतो. ऑफिसला जाण्यायेण्यासाठी हीच गाडी वापरतो. अठरा मैलांच्या वाटेपैकी निम्मी वाट सेंट्रल एक्स्प्रेसवेवरून आहे आणि संध्याकाळी पाचनंतर तिथे गाडी ‘चालते’ असे म्हणणे धाडसाचे ठरेल. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे असतो, त्यामुळे एसी बंद ठेवून काही करता येणार नाही. वर्षातून दोनदा क्रेसनच्या ट्रॅकवर जातो.

आता सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरून त्यात जास्तीची हवा भरणारे यंत्र, बसवायचा आहे. इंजिन न उघडता, पंपावर मिळणाऱ्या ९३ ऑक्टेन पेट्रोलवर क्रँकपाशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यापाशी, ६०० अश्वशक्ती मिळाली तरी मी तृप्त आहे. मजुरीसह दहा हजार डॉलरपर्यंत खर्चाची तयारी आहे. तीन दुकानांत विचारले; तिन्हीकडे वेगळा सल्ला मिळाला आणि प्रत्येक दुकानात नेमका तोच प्रकार सर्वोत्तम निघाला जो त्यांच्या फळीवर पडून होता. म्हणून ज्यांना मला काही विकायचे नाही अशा मंडळींना विचारतो आहे: टीव्हीएस म्हणजे नव्या धर्तीचा रूट्स, ट्विन-स्क्रू आणि सेंट्रिफ्युगल यांपैकी माझ्या वापराला कोणता योग्य? इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरात हवा किती पट आकसते ते प्रमाण) मुळातच ११ असल्यामुळे उष्णतेची धास्ती वाटते. टर्बोचा विचार मी पूर्ण करून सोडून दिला आहे. कृपया चर्चा तिकडे वळवू नये.

कॉम्प्रेसरकाका

माझी बत्तीस वर्षे पिंपरीत स्क्रू कॉम्प्रेसर जुळवण्यात आणि ते बिघडल्यावर शिव्या खाण्यात गेली. सध्या मुलाकडे मिशिगनला असतो. मोटारींचा माझा अनुभव बेताचाच आहे, परंतु आपण कारखान्याच्या शेडमध्ये दाबले जात आहोत की बॉनेटखाली, हे हवेला कळत नाही. तेव्हा तेवढ्यापुरते बोलतो.

रूट्स हे मुळात हवा दाबण्याचे यंत्रच नव्हे. इंडियानातल्या कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी १८६० साली ते पेटंट केले आणि पुढे ते भट्ट्यांना वारा घालण्याच्या कामी आले. अमेरिकेत आजही सुपरचार्जरला ‘ब्लोअर’ म्हणतात त्याचे मूळ इथे आहे. दोन रोटरांच्या पाकळ्या आणि बाहेरचे कवच यांच्या मधल्या खोबणीत हवा अडकते व न दाबता, जशीच्या तशी पलीकडे नेऊन सोडली जाते. पलीकडे अगोदरच दाबाची हवा भरलेली असते. खोबण उघडली की ती हवा उलटी आत घुसते, आणि खरा दाब त्या धक्क्याने तयार होतो. जुन्या रूट्सची उष्णता आणि त्याचा आवाज या दोन्हींचे कारण हेच आहे. ईटन कंपनीच्या टीव्हीएसमध्ये प्रत्येक रोटरला चार पाकळ्या असून त्यांना १६० अंशांचा पीळ दिलेला आहे, त्यामुळे हा धक्का एकदम न बसता हळूहळू बसतो. २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर-१ मध्ये तो प्रथम आला आणि तेव्हापासून ‘रूट्स म्हणजे गरम हवेचा बंब’ हे जुने मत जसेच्या तसे खरे राहिलेले नाही.

ट्विन-स्क्रू हा माझ्या घरचा प्राणी. स्वीडनच्या आल्फ लिशोल्म यांनी १९३० च्या दशकात तो सिद्ध केला. त्याचा नर रोटर मादी रोटरच्या खाचेत शिरत जातो तशी मधली जागा आकसते आणि हवा आतच दाबली जाऊन बाहेर पडते. जास्त दाबाला हे यंत्र फार गुणी आहे. मात्र दाबायची सवय त्याला लागलेली असते: बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा वाढीव दाब, नको असतानाही ते आतल्या आत थोडे काम करीतच राहते.

सेंट्रिफ्युगल म्हणजे टर्बोचा अर्धा भाग. फक्त तो एक्झॉस्टऐवजी पट्ट्याने फिरवायचा. त्याच्या पंख्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो, ही गोष्ट तुमच्या निवडीत सर्वांत महत्त्वाची ठरेल.

आता थोडी आकडेमोड. बाहेर ४० अंश सेल्सिअस तापमान आहे आणि ९ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) बूस्ट हवा आहे, म्हणजे दाब सुमारे १.६ पट करायचा आहे, असे धरू. आदर्श यंत्रातही हवा ४६ अंशांनी तापणारच. जुन्या रूट्सची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर हवा १२३ अंशांना बाहेर पडते; टीव्हीएस ७२ टक्क्यांना चालला तर १०३ ला; आणि चांगला सेंट्रिफ्युगल ७७ टक्क्यांना चालला तर ९९ ला. म्हणजे तुमच्या बूस्टला टीव्हीएस आणि सेंट्रिफ्युगल यांच्यात चार अंशांचे भांडण उरते. एवढ्यासाठी रात्रीची झोप घालवू नये. ट्विन-स्क्रूही याच घोळक्यात येतो. त्याचे खरे तेज पंधरा पीएसआयच्या पुढे दिसते, आणि तिथवर जाण्याचा तुमचा बेत नाही.

भांडण आहे ते बूस्ट कधी मिळतो याचे. २.३ लिटरचा टीव्हीएस त्याच्या एका फेऱ्यात २.३ लिटर हवा ढकलतो. तुमचे चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात अडीच लिटरच ओढू शकते. पुलीचे गुणोत्तर दोनास एक ठेवले तर त्याच एका फेऱ्यात ब्लोअर ४.६ लिटर पुढे सारतो. गळती वजा जाता चार धरा. अडीच लिटरच्या घरात चार लिटर पाहुणे आले की दाब होणारच, आणि हा हिशेब मिनिटाला २,००० फेऱ्यांना जवळपास तोच राहतो जो ६,००० ला असतो. खाली गळतीचे प्रमाण थोडे वाढते, इतकेच. सेंट्रिफ्युगल मात्र ७,००० ला ९ पीएसआय देत असेल, तर ५,००० ला साडेचार आणि ३,५०० ला जेमतेम सव्वादोन देईल.

तुमच्या टायर-ॲक्सलच्या आकड्यांवरून पाहता, ७,००० फेऱ्यांना दुसऱ्या गियरमध्ये वेग ६४ मैल असतो आणि तिसऱ्यात ९१. सहाव्या गियरमध्ये ७० मैलांना इंजिन फक्त २,०६० फेऱ्यांवर असते. तेव्हा कोणता सुपरचार्जर चांगला हे बाजूला ठेवा आणि तुमचे इंजिन दिवसभर कोणत्या फेऱ्यांत राहते ते आधी मोजा. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या, खोबणीत बसणारे छोटे यंत्र आणि फोन एवढ्यावर दोन आठवड्यांची नोंद होते. ती इथे द्या, मग पुढे बोलू.

फ्रीमाँटवासी

काकांचे गणित बरोबर आहे, पण त्यातून लोक जो निष्कर्ष काढतील त्याबद्दल आधीच सावध करतो. मी याच पिढीच्या मस्टँगवर चार वर्षे सेंट्रिफ्युगल वापरतो आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर तोच घेईन.

पाच लिटरच्या इंजिनाला खालच्या फेऱ्यांत टॉर्कची ददात नसते. दोन लिटरच्या होंडाला खाली जीव नसतो, तिथे २,००० फेऱ्यांपासून मिळणाऱ्या बूस्टचे महत्त्व मी समजू शकतो. इथे मूळचेच ४०० पाउंड-फूट आहेत. त्यावर खालूनच पूर्ण बूस्ट चढवला की दुसऱ्या गियरमध्ये टायर जागेवर फिरतात, आणि पावसाळी सकाळी तर तिसऱ्यातही फिरतात. माझ्या मित्राची टीव्हीएसची गाडी मी चालवली आहे. सिग्नलवरून निघताना उजवा पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवावा लागतो. सेंट्रिफ्युगलमध्ये ताकद वर जाता जाता वाढते, त्यामुळे टायरला, मूळ क्लचला आणि चालकाला आवरायला वेळ मिळतो. इंजिन पाचऐवजी साडेसहा लिटरचे झाल्यासारखे वाटते. स्वभाव बदलत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. टीव्हीएस सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या व्हीच्या खोबणीत, इंजिनाच्या ऐन उबेत बसतो. सेंट्रिफ्युगल पुढे एका बाजूला टांगलेला असतो आणि त्याचा हवेने थंड होणारा इंटरकूलर (दाबून तापलेली हवा निववणारी जाळी) बंपरमागे वाऱ्यावर असतो. चार अंशांचा फरक बाहेर पडताना असेल, पण अर्धा तास ट्रॅफिकमध्ये उभे राहिल्यावर कवचच तापते, तेव्हा त्या चारचे किती होतात ते काकांनी पाहावे. शिवाय मूळ इनटेक मॅनिफोल्ड जागचे हलत नाही. उद्या गाडी विकायची झाली तर दोन दिवसांत सगळे उतरवता येते.

दोषही सांगतो. माझ्या यंत्रातले गियर सरळ दातांचे आहेत. गाडी उभी असताना मिक्सरमध्ये सुकी चटणी वाटायला घेतल्यासारखा आवाज येतो, आणि सकाळी सहाला शेजारच्या आजी पडदा सारून पाहतात. तिरप्या दातांचे शांत गियर मिळतात. मी पैसे वाचवले आणि आजींची नाराजी पत्करली. यंत्राचे तेल वेगळे असते, पहिल्यांदा पाचशे मैलांनी आणि नंतर दर सहा हजार मैलांनी बदलावे लागते. पट्टा सरकू लागला की बूस्ट वरच्या वर गळतो आणि आपण ट्यूनला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या जुळणीला, दोष देत बसतो.

आता जे सर्वांना लागू आहे, सुपरचार्जर कोणताही असो. या इंजिनाच्या ऑइल पंपाचे गियर भुकटी दाबून केलेल्या धातूचे असतात. वाढलेली ताकद आणि रेव्ह लिमिटरवर, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर, वारंवार आपटणारे इंजिन हे त्यांना मानवत नाही. मला हे ठाऊक होते. ज्या दुकानाने काम केले त्यांनी ‘रस्त्यावरच्या गाडीला गरज नाही’ असे सांगितले; समोरचे कव्हर उघडण्याची मजुरी वाचते म्हणून मीही मान डोलावली. अकरा महिन्यांनी तिसऱ्या गियरमध्ये लिमिटर लागला, तेलाचा दाब दाखवणारा काटा एका क्षणात शून्यावर आला आणि मी बाजूला थांबेपर्यंत बेअरिंगांचा निकाल लागला होता. पोलादी गियर आणि क्रँकवरचे दाते यांचा खर्च त्या बिलाच्या दशांशही नव्हता. सुपरचार्जर घेण्याआधी हे करा.

कॅलिफोर्नियात असाल तर एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक असलेलाच संच घ्यावा लागतो, कारण दर दोन वर्षांच्या स्मॉग तपासणीत बॉनेट उघडून त्याचे लेबल पाहतात. तुमच्या कॉलिन काउंटीत धुराची तपासणी ओबीडीवरून होते. तेव्हा ट्यून करणाऱ्याने कोणतेही सेन्सर ‘गप्प’ केलेले नाहीत याची खात्री करून घ्या.

ताम्हिणीवाटे

चर्चा वाचून हेवा वाटला. इथे पुण्यात माझ्या परिचितांकडे २०१६ मध्ये भारतात आलेली मस्टँग आहे; तेव्हा दिल्लीत शोरूमची किंमत ६५ लाखांच्या घरात होती, ताकद तुमच्यापेक्षा कमी म्हणजे ४०० अश्वशक्तीच्या आसपास आणि गियर स्वयंचलित. तिला सुपरचार्जर बसवण्याचा विषय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ पाशी संपतो. निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल चालणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि विमा कंपनी तर तेवढीच वाट पाहत असते.

एक शंका मात्र आहे. इथे पंपावर ९५ ऑक्टेन सहज आणि काही ठिकाणी १०० ऑक्टेनसुद्धा मिळते. अमेरिकेत उत्तमातले उत्तम म्हणून ९३ आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला ९१ च? मग नॉकिंगच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल अवेळी भडकण्याच्या, दृष्टीने तिकडची मंडळी अधिक धोका पत्करत आहेत असे म्हणावे का?

कॉम्प्रेसरकाका

शंका रास्त आहे, पण दोन्हीकडची मापे वेगळी आहेत. भारतातला आकडा ‘रिसर्च’ पद्धतीचा असतो. अमेरिकेतला पंपावरचा आकडा रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींची सरासरी असतो, म्हणून तो चार-पाचाने कमी दिसतो. टेक्सासचे ९३ म्हणजे तुमच्या मापाने ९७-९८, आणि कॅलिफोर्नियाचे ९१ म्हणजे ९५-९६.

फ्रीमाँटवासींचा जागेचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी सोडायला नको होता. टीव्हीएसच्या खाली पाण्याने थंड होणारा इंटरकूलर असतो. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद हवेपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे रस्त्यावरचा पाच-सात सेकंदांचा जोर तो सहज पचवतो. मात्र एकदा ते पाणीच तापले की ते थंड व्हायलाही तितकाच वेळ लागतो. म्हणजे सेकंदांच्या हिशेबात पाणी जिंकते आणि मिनिटांच्या हिशेबात बंपरमागचा वारा. संथ चालताना बायपास झडप उघडी असते, ब्लोअर दाब तयार करीत नाही व फारशी ताकदही खात नाही. पूर्ण जोरात असताना मात्र खातो. डॉजने आपल्या ‘हेलकॅट’ गाडीचा सुपरचार्जर फिरवायलाच सुमारे ८० अश्वशक्ती लागते असे सांगितले होते. तुमच्या बेताला माझ्या हिशेबाने पस्तीस-चाळीस लागतील.

प्लेनोकर

काकांच्या सांगण्याप्रमाणे दोन आठवडे नोंद केली. ऑफिसचे दहा दिवस आणि एका रविवारी मुद्दाम मारलेली फेरी, अशी एकूण सोळा तासांची नोंद आहे.

निकाल पाहून स्वतःचीच थोडी लाज वाटली. मी स्वतःला बऱ्यापैकी जोरात गाडी चालवणारा समजत होतो. ५,००० फेऱ्यांच्या वर इंजिन राहिले ते सोळा तासांत सर्व मिळून तीन मिनिटे आणि चाळीस सेकंद, आणि त्यातलीही अडीच मिनिटे रविवारची. ६,५०० च्या वर अकरा सेकंद. साडेनऊ तास २,००० च्या खाली गेले, म्हणजे ट्रॅफिक आणि सहावा गियर. उरलेला जवळजवळ सगळा वेळ २,००० ते ४,००० च्या दरम्यान.

एक जागा मात्र नोंदीत रोज दिसते. जॉर्ज बुश टर्नपाइकवरून सेंट्रल एक्स्प्रेसवेवर चढणारा रॅम्प वळत वळत येतो आणि संपता संपता सरळ होतो. तिथे मी रोज तिसऱ्या गियरमध्ये चाळीस मैलांना असतो, नोंदीत ३,०६० फेऱ्या दिसतात, डाव्या आरशात ट्रक असतो आणि मी पाय खाली दाबतो. रोजच्या छत्तीस मैलांत खऱ्या अर्थाने ताकद मागण्याची माझी वेळ ही एवढीच, चार-साडेचार सेकंदांची. काकांच्या वर्गाच्या नियमाने सेंट्रिफ्युगल तिथे मला पावणेदोन पीएसआय देईल. टीव्हीएस जवळपास सगळा बूस्ट देईल. दुसऱ्या गियरमध्ये उतरलो तर सेंट्रिफ्युगललाही धार येईल हे मान्य, पण तेवढ्यात ट्रक माझ्या शेजारी आलेला असेल.

फ्रीमाँटवासी, तुमचा टायरचा मुद्दा मी विसरलेलो नाही. दुसऱ्या गियरबद्दल तुम्ही म्हणता ते खरेच असणार. एक गोष्ट मात्र काळजीची वाटली: बाहेर ३८ अंश असताना ट्रॅफिकमध्ये इनटेकची हवा आत्ताच, कोणताही सुपरचार्जर नसताना, ५७ अंशांवर गेली होती. त्यात क्रेसनच्या वीस मिनिटांच्या फेऱ्यांचे काय होईल?

ह्यूस्टनची_सर

मी त्या उष्णतेत पोळलेला माणूस आहे, म्हणून लिहितो. तीन वर्षे टीव्हीएस आहे, गाडी तुमच्यासारखीच, हवा तुमच्यापेक्षा दमट.

रस्त्यावर त्याच्यासारखे सुख नाही. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीपासून इनटेकचे तापमान चढू लागते, संगणक इग्निशन मागे घेतो आणि गाडी मंद होते. इंजिन वाचते, पण ज्या ताकदीसाठी पैसे मोजले ती सरळ रस्त्यावर गायब होते. उपाय आहेत: संचासोबत आलेल्यापेक्षा मोठा हीट एक्स्चेंजर (इंटरकूलरचे पाणी निववणारी जाळी), त्यावर स्वतःचे पंखे, आणि मोठी पुली लावून थोडा कमी बूस्ट. मी तिन्ही केले आणि आता दहा-बारा मिनिटे नीट निघतात. नंतर एक फेरी सावकाश मारून पाणी निवू देतो. तुम्ही वर्षातून दोनदा जाता. त्या दोन दिवसांसाठी उरलेल्या ३६३ दिवसांचा आनंद सोडावा असे मला वाटत नाही. महिन्यातून दोनदा जाणारा असता तर मी फ्रीमाँटवासींच्या बाजूने मत दिले असते.

इंटरकूलरच्या पाण्याचा छोटा विजेचा पंप हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक भाग आहे. माझा पंप गेल्या वर्षी मुकाट्याने बंद पडला. दिवा लागला नाही, आवाज झाला नाही. फक्त गाडी रोज थोडी सुस्त वाटू लागली आणि मी पेट्रोलला, मग प्लगला, मग स्वतःच्या वयाला दोष देत राहिलो. इनटेक तापमानाचा आकडा पाहिला तेव्हा ९४ अंश. आता सकाळी चावी फिरवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी दोन सेकंद थांबून पंपाची गुणगुण ऐकतो आणि मगच निघतो. तापमान दाखवणारा छोटा गेज पहिल्या दिवशीच बसवून घ्या.

क्लचचा खर्चही हिशेबात धरा. मूळ क्लच ६२ हजार मैलांनंतर सुपरचार्जरच्या टॉर्कला फार दिवस तोंड देणार नाही, आणि टीव्हीएस असेल तर तो आणखी लवकर सरकेल.

फ्रीमाँटवासी

अकरा सेकंदांचा आकडा वाचल्यावर माझ्या मताला प्लेनोत जागा उरली नाही हे कबूल करतो. माझा रस्ता वेगळा आहे; मी रविवारी डोंगरातल्या वळणांवर दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये ४,५०० च्या खाली येतच नाही. टायर तेवढे चांगले घ्या, आणि ऑइल पंपाच्या गियरांबद्दल पुन्हा सांगत नाही.

प्लेनोकर

ठरले. २.३ लिटरचा टीव्हीएस घेतो आहे. रूश कंपनीच्या संचात दोन टप्पे मिळतात, ६०० आणि ६७० अश्वशक्तीचे. त्यातला खालचा घेणार. वरचा घेऊन नंतर पुली बदलू असे दुकानदाराने सुचवले, पण ज्या माणसाने सोळा तासांत अकरा सेकंद इंजिन पूर्ण फिरवले त्याने वरच्या सत्तर अश्वशक्तींसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. कामांचा क्रम असा ठेवला आहे: या महिन्यात समोरचे कव्हर उघडून ऑइल पंपाचे गियर व क्रँकवरचे दाते, त्याच वेळी क्लच, पुढच्या महिन्यात सुपरचार्जर, मोठा हीट एक्स्चेंजर आणि गेज. बजेट बाराशे डॉलरनी वर जाते आहे. घरी हा आकडा सांगण्याची जबाबदारी कोणी घेणार असेल तर कळवावे.

शेवटचा प्रश्न: संच मूळ बॉनेटखाली बसतो असे लिहिले आहे, पण मी इंजिनावर मागच्या मालकाने बसवलेले थोडे उंच माउंट (इंजिन ज्यांवर टेकते ते आधार) पाहिले आहेत. ब्लोअर बॉनेटला घासणार नाही ना, हे बसवण्याआधी कसे तपासावे?

कॉम्प्रेसरकाका

बसवण्याआधी कळणार नाही, बसवल्यावर पहिल्याच दिवशी कळेल. मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे चार गोळे करा, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि ब्लोअरच्या चार कोपऱ्यांवर ठेवा. बॉनेट हलक्या हाताने पूर्ण बंद करा, उघडा आणि चपटे झालेले गोळे मधोमध कापून जाडी मोजा. अर्ध्या इंचापेक्षा कमी आली तर माउंट बदलावे लागतील, कारण जोर लागला की इंजिन एका बाजूला कलते. उजव्या आणि डाव्या बाजूची जाडी वेगवेगळी लिहून ठेवा. कणीक पुरीसाठी मळतो तशी घट्ट असू द्या. पोळीची सैल कणीक स्वतःच्या वजनाने बसते आणि माप खोटे देते.